शितावरून तेलाची परीक्षा

तेलाची विहीर म्हटले की जमिनीखालचा काळाभोर तलाव डोळ्यांपुढे येतो. असा तलाव कोठेच नसतो. विटेत पाणी मुरावे तसे तेल दगडाच्या छिद्रांत मुरलेले असते. म्हणून नैसर्गिक दाब ओसरला, मागून पाणीही सोडून झाले, तरी पुष्कळदा निम्म्याहून अधिक तेल खालीच राहते.

ते सोडवायला सोड्याच्या बाटलीत फसफसणारा कार्बन डायऑक्साइड (जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायू, मला तेच नाव गोड वाटते!) उपयोगी पडतो. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबापलीकडे तो ना धड वायू, ना धड द्रव. तो तेलात मिसळतो, तेल फुगते, पातळ होते, वाहू लागते. टेक्सासमधील स्करी परगण्यात १९७२ साली हे प्रथम मोठ्या प्रमाणावर झाले.

पण वायू सोडायचा कोठे? विहिरी दूरदूर; मधला दगड कोणी पाहिलेला नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारी आजी शहाणीच, कारण तिचा भात एका आचेवर शिजलेला असतो. दगडाचे तसे नाही. मध्ये एखादी भेग असली की वायू तेलाला बगल देऊन थेट पलीकडच्या विहिरीतून बाहेर! खर्च मात्र आधीच झालेला.

येथे मदतीला आली सोन्याची खाण. दक्षिण आफ्रिकेतील अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५१ साली थोड्या नमुन्यांवरून न पाहिलेल्या खडकातील सोन्याचा अंदाज बांधण्याचा मार्ग दाखवला. फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी (नावाने आपले माथेरान आठवले, तरी गृहस्थ अस्सल फ्रेंच) त्याला गणिताची बैठक दिली आणि रीतीला नाव क्रिग यांचेच ठेवले. साधारणपणे जवळच्या नमुन्याला वजन अधिक, दूरच्याला कमी. किती कमी, ते अंतरागणिक नमुने किती बदलतात यावरून ठरते.

मात्र असा अंदाज सरासरीकडे झुकतो. नेमकी ती घातकी भेगच पुसली जाते. म्हणून एकाच नकाशावर न विसंबता, विहिरींतील नमुन्यांशी जुळणारे शेकडो नकाशे संगणकावर काढतात. मागील वर्षांच्या उत्पादनाशी न जुळणारे बाद होतात. उरलेल्यांत वायू सोडून पाहतात. उत्तर एक आकडा नसून कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा असते. मला हाच त्यातला प्रामाणिकपणा वाटतो.

कॅनडातील वेबर्न येथे २००० साली नॉर्थ डकोटातील कारखान्याचा टाकाऊ वायू सुमारे ३२० किलोमीटर नळातून आणून जमिनीत सोडू लागले. तेल निघाले की ते जळणारच, हे खरे. पण किती वायू कायमचा गाडला गेला, हाही हिशेब आता मांडावा लागतो. तेथे भूकंपलहरींसारख्या कृत्रिम लहरी पुन:पुन्हा जमिनीत सोडून, वायू प्रत्यक्षात कोठवर पोहोचला हे अंदाजाशी ताडून पाहिले गेले.