आजोबा, नातू आणि तो पूल

१५ नोव्हेंबर म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जणू सणच! बंदुकीने हरणांची शिकार करायचा सीझन याच दिवशी सुरू होतो. आजोबा, बाबा, नातू एकाच गाडीतून उत्तरेच्या जंगलाकडे निघतात. पणजोबांच्या काळी मॅकिनॉची सामुद्रधुनी ओलांडायला फेरीबोट होती. सीझनला गाड्यांची मैलोनमैल रांग लागायची. १९५७ मध्ये आठ किलोमीटरचा पूल झाला नि रांग संपली. आता प्रॉब्लेम वेगळाच आहे. शिकारीची लायसन्सं कमी होताहेत, नवी पिढी फारशी येत नाही. गंमत म्हणजे तिथल्या वन्यजीव संवर्धनाचा बराच खर्च याच पैशांतून भागतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, ते बरंच आहे. पण आजोबांसोबतचा लांबचा प्रवास? तो कुठल्या कायद्याने बंद केलाय?