राग, डिस्को आणि यंत्राचा ठेका

राग म्हटला की डोळ्यांपुढे तंबोरा येतो आणि डिस्को म्हटले की झगमगत्या दिव्यांखालचा नाच. ही वाटणी मोडणारी एक तबकडी १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक होते चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजविणारा हा कलावंत. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी केवळ विजेच्या वाद्यांवर वाजविले.

वाद्ये तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र ठेका धरते. ‘ज्युपिटर-८’ या सिंथेसायझरवर रागाची सुरावट वाजते. ‘टीबी-३०३’ हे छोटे यंत्र खर्जातील सुरांचा एक तुकडा लक्षात ठेवून तोच पुनःपुन्हा वाजविते.

आता प्रश्न असा, की हा मेळ जमतो कसा? पाश्चात्त्य गाण्यात सुरावटीखालचे स्वरसंघ सतत बदलत असतात. रागात मात्र षड्ज अढळ असतो. त्यामुळे एकाच षड्जाभोवती फिरणारा यंत्राचा तुकडा रागाला अडचण करीत नाही. तो काहीसे तंबोऱ्याचेच काम करतो. मालकंसात रिषभ व पंचम वर्ज्य. यंत्रात सूर भरतानाच ते गाळले, की यंत्राकडून त्यांना चुकूनही स्पर्श होत नाही.

परंतु वर्ज्यावर्ज्य पाळले म्हणजे राग झाला काय? भूप आणि देसकार यांचे स्वर तेच. एकात गंधाराला मान, दुसऱ्यात धैवताला. हा भेद यंत्राला कळत नाही, वादकाला कळतो. म्हणून या तबकडीत राग जो काही आहे, तो सुरावट वाजविणाऱ्या हातात आहे. हरवलेलेही पुष्कळ आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या कळफलकावर तोडीचा अतिकोमल गंधार सापडत नाही. ‘टीबी-३०३’ दोन सूर घसरत जोडते, पण त्या घसरणीला मींडेचा श्वास नाही. चार सारख्या ठोक्यांत समेची ओढही उरत नाही.

ही तबकडी तेव्हा खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने त्याच ‘टीबी-३०३’च्या कळी पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत रूढ झाले. २०१० मध्ये मुंबईची तबकडी पुन्हा प्रकाशित होताच ऐकणारे चकित झाले: हे तर पाच वर्षे आधीच वाजले होते! ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईकर’ असा गाजावाजा झाला. हा अभिमान सुखावतो, पण जनकत्व सिद्ध होण्यासाठी वारसा पोहोचावा लागतो; शिकागोपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही. एकच हत्यार दोन कारागिरांच्या हाती पडले, एवढेच म्हणता येते.

सिंग २०१५ साली निवर्तले. त्यांचे मोल ‘पहिला कोण’ या वादात शोधू नये. नवे यंत्र हाती येताच, आपल्या संगीतातले काय त्यात मावते आणि काय बाहेर राहते, हे त्यांनी दहा वेळा वाजवून पाहिले. यमन ज्याच्या ओळखीचा आहे अशा विद्यार्थ्याने ही तबकडी जरूर ऐकावी. राग कोठे टिकला आणि कोठे निसटला, हे त्याचा कानच त्याला सांगेल.