जोधा अकबर

भव्य ऐतिहासिक हिंदी प्रणयपट. १५ फेब्रुवारी २००८ रोजी प्रदर्शित. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, संवाद के. पी. सक्सेना, संगीत ए. आर. रहमान, छायालेखन किरण देवहंस, कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई, वेशभूषा नीता लुल्ला. प्रमुख भूमिका हृतिक रोशन व ऐश्वर्या राय-बच्चन यांच्या. लांबी सुमारे साडेतीन तास.

अकबराने १५६२ मध्ये आमेरच्या राजा भारमलच्या कन्येशी विवाह केला. राजकीय सोयीने जुळलेल्या या संबंधाचे प्रेमात रूपांतर होणे, हे चित्रपटाचे कथासूत्र. विवाह इतिहाससिद्ध आहे. ‘जोधा’ हे नाव मात्र अकबरकालीन साधनांत आढळत नाही. मरियम-उझ-झमानी हा तिचा किताब होता. या नावावरून राजस्थानात विरोध झाला. चित्रपटातील प्रणय ही कल्पनेची निर्मिती होय, हे ध्यानात ठेवूनच तो पाहणे इष्ट.

चित्रपटातील आग्र्याचे बरेचसे वैभव प्रत्यक्षात रायगड जिल्ह्याच्या घाटपायथ्याशी उभे राहिले. देसाई यांनी २००५ मध्ये चौक-कर्जत परिसरात एन. डी. स्टुडिओ स्थापन केला. तो सर्वत्र कर्जतचा म्हणून ओळखला जात असला, तरी तालुक्याच्या हिशेबाने खालापुरात मोडतो. तेथे आग्र्याच्या किल्ल्याची व दिवाण-इ-आमची प्रतिकृती उभारण्यात आली. बादशहाच्या गौरवार्थ शेकडो नर्तकांनी सादर केलेले समूहगीत दरबाराच्या अशाच नेपथ्यावर बेतलेले आहे. या गीतात वास्तूचे प्रमाण, नर्तकांच्या रांगा व ताशा-नगाऱ्यांचा ठेका एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

तानसेन अकबराच्या दरबारी आला तोही १५६२ च्याच सुमारास. तथापि दरबारी ध्रुपदगायनाची पुनर्रचना करण्याचा मोह रहमान यांनी टाळला. प्रेमगीते आधुनिक चालीची, परंतु संयत वाद्यमेळाची आहेत. जावेद अली यांनी गायिलेले वसंतोत्सवाचे गीत (‘जश्न-ए-बहारा’) त्याचा उत्तम नमुना. शब्द आणि स्वर दोन्ही अंतराय सुचविणारे. पतिपत्नींमधील दुरावा येथे संवादांपेक्षा अधिक स्पष्ट होतो. कृष्णभक्तीचे पद पुण्याच्या बेला शेंडे यांनी गायिले. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांना उद्देशून असलेले, काशिफरचित सूफी गीत स्वतः रहमान यांनी गायिले. १५६९ मध्ये सलीमचा जन्म झाल्यावर अकबर आग्र्याहून अजमेरपर्यंत पायी गेला होता, तेव्हा ही भक्ती निराधार नाही. पडद्यावरील गिरक्या घेणारे दरवेश मात्र तुर्कस्तानच्या मौलवी पंथाचे. चिश्ती समाच्या परंपरेशी ते जुळत नाहीत. दृश्य प्रभावी आहे, म्हणून हा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

फिल्मफेअरच्या २००९ च्या सोहळ्यात या चित्रपटास उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, गीतकार व पार्श्वसंगीत अशी पाच पारितोषिके मिळाली. उत्कृष्ट संगीताचे पारितोषिक रहमान यांनाच मिळाले, परंतु ते ‘जाने तू... या जाने ना’ या हलक्याफुलक्या समकालीन चित्रपटासाठी. मोगल दरबारावरील चित्रपटाच्या वाट्याला हे पूर्वीही आले होते. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) हा उत्कृष्ट चित्रपट ठरला, पण नौशाद यांना डावलून संगीताचे पारितोषिक शंकर-जयकिशन यांना ‘दिल अपना और प्रीत पराई’साठी देण्यात आले. दोन्ही वेळी संगीताचा दर्जा उणा नव्हता; ओठांवर सहज रुळणाऱ्या चालींना अशा निवडीत नेहमीच थोडा अधिक वाव मिळतो. आयफाने २००९ मध्ये संगीताचे पारितोषिक ‘जोधा अकबर’लाच दिले. २००८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषेसाठी नीता लुल्ला व दरबारगीताच्या नृत्यदिग्दर्शनासाठी चिन्नी प्रकाश व रेखा प्रकाश यांचा गौरव झाला.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ व ‘देवदास’ यांसाठी देसाई यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. आपल्याच भूमीवर उभारलेल्या या आग्र्यासाठी मात्र तो मिळाला नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत त्यांचे निधन झाले. चित्रीकरणानंतर मोडून टाकण्याऐवजी तेथील नेपथ्य जपण्यात आले, आणि पर्यटक ते पाहण्यास येऊ लागले.