जास्तीत जास्त चार, कमीत कमी एक तृतीयांश

चंद्रपूर-गडचिरोलीत वनहक्काचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “कायद्यानं चार हेक्टर जमीन मिळते.” २००६ च्या वनहक्क कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम ४(६) मध्ये आहे ते एवढंच, की वैयक्तिक दाव्यात प्रत्यक्ष कब्जात असलेल्या जमिनीपुरताच हक्क मान्य होईल आणि ती जमीन कोणत्याही परिस्थितीत चार हेक्टरपेक्षा जास्त असणार नाही. दीड हेक्टर कसत असाल तर दीड. सव्वातीन असेल तर सव्वातीन. पाच असेल तर मात्र चार.

कायद्यानं लिहिलं क्ष ≤ ४ आणि लोकांनी वाचलं क्ष = ४. पहिल्याला गणितात असमानता म्हणतात, दुसऱ्याला समीकरण. आपल्या जंगलपट्ट्यातले बहुतेक नियम पहिल्या जातीचे आहेत. शाळेनं सवय लावली ती दुसऱ्याची. दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. दोन रेषा काढायच्या, त्या जिथे छेदतील तो एक बिंदू, तेच उत्तर, खाली दोन रेघा मारून मोकळं व्हायचं. त्यामुळे ‘उत्तर एकच असतं’ हे डोक्यात इतकं पक्कं बसतं, की ‘पर्यंत’, ‘किमान’, ‘पेक्षा कमी’ हे शब्द डोळ्यांपुढून जातात, पण वाचले जात नाहीत. (चिन्हांचा इतिहासही असाच. बरोबरीचं चिन्ह १५५७ च्या इंग्रजी पुस्तकात आलं. लहान-मोठेपणाची चिन्हं छापली गेली ती १६३१ मध्ये, टॉमस हॅरियट वारल्यानंतर दहा वर्षांनी.)

गैरसमज : चारची मर्यादा सगळ्याच वनहक्कांना लागू आहे.

वस्तुस्थिती : असमानता सोडवण्याआधी क्ष म्हणजे काय ते ठरवावं लागतं. इथे क्ष म्हणजे एखाद्या व्यक्तीनं किंवा कुटुंबानं राहण्यासाठी वा कसण्यासाठी कब्जात ठेवलेली जमीन. गावाच्या सामूहिक वनहक्काला हा आकडा लागूच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तो सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. चाराच्या कुंपणात हे बसवायला गेलं तर हिशेबच लागणार नाही.

अशीच गल्लत ७५ वर्षांच्या अटीची. जबरानजोत करणाऱ्या गैरआदिवासी शेतकऱ्याला, म्हणजे कायद्याच्या भाषेतल्या ‘इतर पारंपरिक वननिवासी’ला, तीन पिढ्यांची अट आहे आणि पिढी २५ वर्षांची धरली आहे. अनेकांना वाटतं, दाव्यातली तीच जमीन ७५ वर्षं कसलेली असली पाहिजे. इथे अटी दोन आहेत आणि दोन वेगळ्या गोष्टींवर आहेत. ७५ वर्षं किंवा अधिक हे त्या भागातल्या वास्तव्याचं मोजमाप. जमिनीचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, ही दुसरी अट. एका अटीचा आकडा दुसरीच्या चलाला चिकटवला की चांगला दावा घरातच मरतो.

गैरसमज : ‘पेक्षा जास्त नाही’ आणि ‘पेक्षा कमी’ यांत फरक नाही.

वस्तुस्थिती : फरक एका बिंदूचा आहे, पण कायद्यात तो बिंदू महत्त्वाचा. ‘चारपेक्षा जास्त नाही’ म्हटलं की पुरे चार हेक्टर चालतात. संख्यारेषेवर ४ पाशी भरीव ठिपका काढायचा. त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, तलाव, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. तिथे शब्द ‘एक हेक्टरपेक्षा कमी’ असे आहेत. म्हणजे पुरा एक हेक्टर चालत नाही. १ पाशी पोकळ वर्तुळ.

याच कलमात झाडांची अट आहे : हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. ‘७५ झाडांची परवानगी आहे’ असं सर्रास बोललं जातं. आलेख काढला की ते किती चुकीचं आहे ते दिसतं. आडव्या अक्षावर हेक्टरमधली जमीन, उभ्या अक्षावर झाडं. मूळबिंदूतून निघून (१, ७५) कडे जाणारी तिरकी रेषा काढा. परवानगी आहे ती या रेषेवर आणि तिच्या खाली. ०.४ हेक्टरच्या अंगणवाडीला ३० झाडं, ०.६ हेक्टरला ४५. आणि रेषेचं टोक, जिथे ७५ चा आकडा आहे, तिथेच पोकळ वर्तुळ आहे, कारण जमीन एक हेक्टरला टेकूच शकत नाही. एका कामासाठी ७५ झाडं या कलमानुसार कधीच तोडता येत नाहीत. कितीही ताणलं तरी आकडा ७४ वर थांबतो.

गैरसमज : अपूर्णांक आला की जवळच्या पूर्णांकात करायचा.

वस्तुस्थिती : चढवायचा की उतरवायचा हे चिन्ह ठरवतं. अर्ध्या हेक्टरला साडेसदतीस झाडं येतात. मर्यादा ‘जास्तीत जास्त’ची आहे, म्हणून ३७. आता वनहक्क समिती घ्या. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तिच्यात किमान १० आणि कमाल १५ सदस्य असतात. किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातींचे, किमान एक तृतीयांश महिला. १० जणांच्या समितीत एक तृतीयांश म्हणजे ३.३३. जवळचा पूर्णांक ३, पण तीन महिलांनी अट पुरी होत नाही. चार लागतात. आदिवासी सदस्य ६.६७ म्हणजे सात. यावर कोणी म्हणेल, सात आणि चार अकरा झाले, समिती तर दहाची! हाही गैरसमजच. दोन्ही अटी एकाच माणसाला मोजू शकतात. आदिवासी महिला दोन्हीकडे धरली जाते. दहाच्या समितीत अशी निदान एक असायलाच हवी, एवढाच त्या अकराचा अर्थ.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते असमानतांचा आलेख शिकवायला चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकाला ग्रामसभेच्या कोरमइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. पुस्तकातल्या टेबल-खुर्च्यांच्या कारखान्यापेक्षा तर नक्कीच बरं.

वनहक्काच्या ग्रामसभेसाठी २०१२ चे नियम सांगतात : एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून कमी हजर असता कामा नयेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. (साध्या ग्रामसभेचा कोरम वेगळा. त्याचा आकडा इथे आणू नये.) समजा, एका टोल्यात २०० सदस्य आहेत, १०० पुरुष, १०० महिला. हजर पुरुष क्ष, हजर महिला य. पहिली अट सोपी : क्ष + य ≥ १००.

दुसरी अट लोक अशी वाचतात : शंभराचा कोरम, त्याचा एक तृतीयांश म्हणजे ३४ महिला आल्या की झालं. पण नियम कोरमच्या एक तृतीयांश म्हणत नाही, हजर असलेल्यांच्या म्हणतो. म्हणजे य ≥ (क्ष + य) ÷ ३. दोन्ही बाजूंना तिनानं गुणलं : ३य ≥ क्ष + य. दोन्ही बाजूंतून य वजा केला : २य ≥ क्ष. अट इतकी सोपी झाली : महिलांची दुप्पट पुरुषांपेक्षा कमी पडता कामा नये.

इथे मुलं दोन चुका करतात. पहिली, य एका बाजूकडून दुसरीकडे नेला म्हणून चिन्ह उलटं करतात. पद इकडचं तिकडे नेल्यानं पदाचं चिन्ह बदलतं, असमानतेचं नाही. ते फक्त ऋण संख्येनं गुणताना किंवा भागताना उलटतं. ३०० पेक्षा २०० लहान, पण ३०० च्या उधारीपेक्षा २०० ची उधारी बरी, म्हणजे −२०० हा −३०० पेक्षा मोठा, हे कारण एकदा पटलं की नियम पाठ करावा लागत नाही. दुसरी चूक, ‘≥ असेल तर रेषेच्या वरचा भाग रंगवायचा’ हा पाठ केलेला मंत्र. २य ≥ क्ष आणि क्ष ≤ २य ही एकच गोष्ट आहे. एकीत मोठेपणाचं चिन्ह, दुसरीत लहानपणाचं, तरी रंगवायचा भाग तोच.

कोणती बाजू ते तपासून ठरवावं. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १० माणसं घ्या. (१००, ०) आणि (०, १००) जोडणारी रेषा काढा. मूळबिंदू घालून पाहा : ० ≥ १०० खोटं. म्हणजे मूळबिंदूच्या विरुद्धची बाजू. दुसरी रेषा (०, ०) आणि (१००, ५०) यांतून जाते. इथे मूळबिंदू रेषेवरच बसतो, तो तपासायला उपयोगाचा नाही. (०, १००) घ्या : २०० ≥ ० खरं. म्हणजे उभ्या अक्षाकडची बाजू. दोन्ही अटींत ‘किमान’ आहे, तेव्हा दोन्ही रेषा सलग. अट ‘पेक्षा जास्त’ असती तर तुटक. रेषा म्हणजे शेताचा धुरा. उत्तर धुऱ्याच्या आतलं सगळं शेत आहे, आणि धुरा आपला की नाही ते सलग-तुटक सांगतं. त्या शेतातही उत्तरं म्हणजे पूर्णांकांचे ठिपके. साडेतेहतीस महिला सभेला येत नाहीत.

रंगलेला चौकोन जरा न्याहाळा. उजव्या कडेवर क्ष १०० आहे आणि य ५० पासून सुरू होतो. म्हणजे सगळे पुरुष आले तर निदान ५० महिला लागतात, ३४ नव्हे. वरच्या डाव्या कोपऱ्यात (०, १००) आहे : एकही पुरुष न येता सगळ्या महिलांनी भरवलेली सभा या दोन अटींत बसते. उलटं बसत नाही. आणि खालच्या टोकापाशी सगळ्यात मजेशीर गोष्ट आहे. ३४ महिला आणि ६६ पुरुष : शंभर भरले, कोरम झाला. आणखी दोन पुरुष आले, तरी ठीक. एकोणसत्तरावा पुरुष येऊन बसला की एकूण १०३, त्यांचा एक तृतीयांश ३४.३३, आणि महिला ३४. माणूस वाढला आणि कोरम मोडला! ‘जास्त माणसं आली की कोरमची चिंता नाही’ हा समज समीकरणाच्या सवयीतून येतो. ९० पुरुष आणि ४० महिला अशी १३० जणांची भरगच्च सभासुद्धा या नियमात नापास आहे.

दाव्यांवर ठराव घ्यायचा असेल तर तिसरी अटही आहे : दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान ५० टक्के हजर हवेत. तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात. दोन पास आणि एक नापास, तर निकाल नापास.

‘आणि’ आहे की ‘किंवा’, यावर किती अवलंबून असतं ते पाहायला मे महिना पुरतो. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं तेव्हा देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांत वारंवार असतात, आणि लोक समजतात की पारा चाळिशीपार गेला की उष्णतेची लाट. हवामान खात्याची सपाट प्रदेशासाठीची कसोटी अशी : कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५ अंश वा अधिक. शिवाय विभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. जिथली सरासरीच समजा ४२ आहे, तिथे ४४ अंशांना या कसोटीनं लाट म्हणता येत नाही, अंगाची लाही झाली तरी. साडेचार अंशांच्या अटीनं तिथे ४६.५ लागतील. ‘किंवा’ असल्यामुळे ४५ ला काम होतं. लाट जाहीर झाली नाही म्हणून दुपारी तेंदू तोडायला जाणं सुरक्षित, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ती मर्यादा जाहीर करण्याची आहे, शरीराची नाही.

पुढच्या वनहक्क ग्रामसभेत हजेरीवहीची दोन पानं करा, एकावर पुरुषांच्या सह्या, दुसऱ्यावर महिलांच्या. ठराव लिहायला घेण्याआधी महिलांचा आकडा दुप्पट करा. पुरुषांचा आकडा त्याहून मोठा निघाला तर लेखणी खाली ठेवा आणि घरोघर निरोप धाडा, बायांना बोलवायला.