अभंगातून सुवार्ता

येशू ख्रिस्ताविषयीची सुवार्ता, म्हणजे त्याच्या जीवन, मरण व पुनरुत्थानाचा शुभसंदेश, इतरांपर्यंत पोहोचवण्यास ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष देणे’ म्हणतात. ही साक्ष मराठी श्रोत्याला परकी वाटू नये यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याइतका ध्यास क्वचितच कोणी घेतला असेल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतल्यानंतर त्यांनी पाश्चात्त्य वळणाच्या उपासनागीतांवर विसंबून न राहता अभंग, भजन आणि कीर्तन हे संतपरंपरेचे मार्ग पत्करले, आणि हाच त्यांच्या कार्याचा खरा विशेष होय. शब्दांना कृतीचीही जोड होती: निराधार मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळे, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, हेही या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगे नाही. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संघटना स्थापन केली, जिच्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. मिशनच्या चौकटीत हा विचार धाडसाचाच होता. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.