इंग्लंडमधील लोकगीते आणि सामूहिक स्वरमेळ : संकलनपद्धतीच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय संगीत प्रामुख्याने स्वरावलीप्रधान आहे. भजनासारख्या समूहगानातही सर्व गायक सामान्यतः एकच चाल गातात. याउलट भिन्न स्वर एकाच वेळी सुसंवादीपणे उच्चारणे म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील ‘हार्मनी’ किंवा स्वरमेळ होय. हा स्वरमेळ शिक्षित संगीतकारांचीच निर्मिती आहे काय, की अक्षरशत्रू मानल्या गेलेल्या ग्रामीण समाजातही त्याची परंपरा होती, हा प्रश्न इंग्लंडमधील लोकगीतांच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो.

संकलकांची दृष्टी

लंडनमध्ये 1898 साली लोकगीत संस्था स्थापन झाली. पुढे सेसिल शार्प यांनी 1903 पासून सॉमरसेट परगण्यात संकलन केले आणि 1907 च्या आपल्या ग्रंथात लोकगीतांचे स्वरूप मुळात एकस्वरी असल्याचे प्रतिपादन केले. बहुतेक संकलक एका गायकाकडून गीत ऐकून कागदावर चाल टिपून घेत. पर्सी ग्रेंजर यांनी 1906 मध्ये लिंकनशायर येथे फोनोग्राफ वापरला. परंतु हा अपवाद होता. या पद्धतीत एकट्या गायकाची चाल हाती येते. अनेकांनी मिळून गाण्याची रीत मात्र निसटण्याचा संभव राहतो. विशेष म्हणजे, गीते प्रसिद्ध करताना शार्प यांनीच त्यांना पियानोची साथ जोडली. म्हणजेच मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा स्वरमेळ गीतांना लाभला. गायकांच्या स्वतःच्या स्वरमेळाकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

कॉपर घराणे

ससेक्समधील रॉटिंगडीन या गावचे कॉपर घराणे या दृष्टीने उद्बोधक आहे. संस्थेच्या चिटणीस केट ली यांनी 1898 साली जेम्स व थॉमस कॉपर या बंधूंकडून गीते मिळविली व ती 1899 च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोघांनाही संस्थेचे सन्माननीय सदस्यत्व देण्यात आले. या घराण्याच्या गायनात एक आवाज मूळ चाल धरतो व दुसरा खालच्या पट्टीत तिला साथ देतो. काही जागी दोन्ही आवाज एकाच स्वरावर येऊन मिळतात. वाद्यसाथ नसते. जेम्स यांचे पुत्र जिम यांनी 1936 मध्ये गीतांचे शब्द लिहून काढले; स्वरमेळ मात्र कुटुंबात ऐकूनच पुढे आला. जिम यांचे पुत्र बॉब (1915–2004) व पुतणे रॉन यांचे गायन 1950 च्या दशकात बीबीसीने ध्वनिमुद्रित केले.

उगम आणि पुनरुज्जीवन

या परंपरेची एक बाजू चर्चशी निगडित असावी. अठराव्या व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामीण चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात गावकरी बहुस्वरी स्तोत्रे गात. ऑर्गन आल्यावर ही गायकवृंदे मोडली. त्यांचे चित्रण टॉमस हार्डी यांच्या 1872 च्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत आढळते. शेफील्ड परिसरातील मद्यगृहांत नाताळपूर्वी गायिली जाणारी स्थानिक नाताळगीते याच प्रवाहाचा अवशेष मानली जातात. 1965 मध्ये हल येथील वॉटरसन कुटुंबाने ‘फ्रॉस्ट अँड फायर’ या ध्वनिमुद्रिकेद्वारे निर्वाद्य स्वरमेळाला नवा श्रोतृवर्ग मिळवून दिला.

निष्कर्ष

लोकपरंपरेचे जे चित्र ग्रंथांत उमटते, ते संकलकाच्या पूर्वग्रहांनी व साधनांनीही घडविलेले असते. कॉपर घराण्याचा स्वरमेळ टिकला तो संग्रहालयामुळे नव्हे, तर कुटुंबाने एकत्र बसून गात राहिल्यामुळे. म्हणून मौखिक परंपरेचे संकलन करताना शब्द व चाल यांबरोबरच गाण्याची सामूहिक रीतही नोंदविणे अगत्याचे आहे.