दोष पास्त्याचा की सॉसचा?

मूत्रपिंडाचा आजार निघाला की ज्वारी-बाजरी बंद आणि मैद्याचा पांढरा पास्ता चालू, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याला आधार आहे: कोंड्यासकट दळलेल्या धान्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम जास्त, मैद्यात कमी. पण धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. ते फोडणारे विकर आपल्या आतड्यात जवळजवळ नसल्याने त्यातला साधारण 20 ते 50 टक्केच अंगी लागतो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये वरून घातलेले फॉस्फेट मात्र 90 टक्क्यांच्या आसपास शोषले जाते. म्हणजे खरा घोळ होतो तो चीजने, टोमॅटोच्या दाट सॉसमधल्या पोटॅशियमने आणि मिठाने. (झटपट पास्त्यातली मसाल्याची पुडी तर निम्मी मिठाचीच वाटावी अशी.)

मग रक्तातले फॉस्फरस-पोटॅशियमचे आकडे चढलेले असतानाही भाकरी खायची का? किती, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी तपासण्या पाहूनच ठरवावे. पण मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना मधुमेहही असतो आणि त्यांना कोंड्यातले तंतू हवेतच. त्यांची अर्धी भाकरी काढून घेण्याआधी ताटातले लोणचे, पापड आणि चीज उचलावे. पास्ता काय, लसूण-मिरी घालून चमचाभर तेलावर परतला तर अगदी कमी मिठातही खपतो.